लाज वाटावी म्हणून कोरलेला कायदा

उत्तर ग्रीसमधल्या वेरिया शहराच्या वस्तुसंग्रहालयात संगमरवराची एक शिळा आहे, दोन्ही बाजूंनी अक्षरांनी भरलेली. हे शहर जेव्हा मॅसिडोनियातलं बेरोइया होतं, तेव्हा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ती तिथल्या जिम्नॅशियममध्ये उभी केली गेली. तिच्यावर त्या जिम्नॅशियमचाच कायदा आहे. कोणी कपडे उतरवून आत यावं, कोणी येऊ नये, वस्तादांनी दिवसातून किती वेळा हजेरी लावावी, बक्षिसं कोणाला द्यावी, हिशेब कधी सादर करावा, हे सगळं ओळीला ओळ लावून लिहिलेलं आहे. ग्रीक जिम्नॅशियमवर लिहिणारे अभ्यासक या शिळेकडे पुरावा म्हणून वळतात. फिलिप गोतिए आणि मिल्तियादिस हात्झोपुलोस यांनी 1993 मध्ये केलेली तिची आवृत्ती त्यांच्या हाताशी असते. मला मात्र ही शिळा साहित्यकृतीसारखी वाचावीशी वाटते. त्या समाजाला काय हवं होतं आणि कशाची भीती वाटत होती, हे तिच्या वाक्यांच्या घडणीतून जितकं स्पष्ट कळतं तितकं फार थोड्या ग्रीक लेखनातून कळतं.

सुरुवात साधी आहे. हिप्पोक्रातीस अधिकारावर असताना, अपेल्लायोस महिन्याच्या 19 तारखेला सभा भरली आणि तिघांनी प्रस्ताव मांडला. पहिलं नाव अमिन्तासचा मुलगा झोपिरोस याचं, आणि तो स्वतः जिम्नॅसिआर्क, म्हणजे जिम्नॅशियमचा प्रमुख. आपल्या हातातल्या सत्तेला कायद्याचं कुंपण घाला, असं सत्ताधारीच सभेपुढे येऊन सांगतो आहे. त्याचा युक्तिवाद असा: बाकीची सगळी पदं कायद्यानुसार चालतात, ज्या शहरांत जिम्नॅशियम आहे तिथे त्याचे कायदे दफ्तरात जपलेले असतात, मग आपल्याकडेही तसं व्हावं. कायदा शिळेवर कोरून जिम्नॅशियममध्ये उभा करावा आणि त्याची प्रत दफ्तरात ठेवावी. त्यातून दोन गोष्टी साधतील. तरुणांना अधिक लाज वाटेल आणि ते आपल्या प्रमुखाचं ऐकतील. शिवाय त्यांच्यासाठी असलेलं उत्पन्न वाया जाणार नाही, कारण पुढचे जिम्नॅसिआर्क कायद्याप्रमाणे काम करतील आणि हिशेबाला बांधील राहतील.

या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, तिथेच मी प्रत्येक वेळी थांबतो. तरुणाची लाज आणि अधिकाऱ्याचा हिशेब एकाच वाक्यात. तरुणांना शिस्त लावणारे कायदे जगात पुष्कळ झाले. पण शिस्त लावणाऱ्याच्या तिजोरीवरही त्याच शिळेतून नजर ठेवणारे थोडे. आणि ही शिळा कुठे उभी करायची ठरलं? जिथे तरुण रोज अंगाला तेल लावून उभे राहतात तिथेच. प्रमुखाने उद्या काही वेडंवाकडं केलं, तर तो ज्या कलमाविरुद्ध वागला ते कलम अठरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर असणार.

इथे लाजेचा अर्थ दबून राहणं असा नाही. आपण चारचौघांच्या नजरेत आहोत आणि त्या नजरेला उतरलं पाहिजे, ही जाणीव म्हणजे ती लाज. ग्रीक जिम्नॅशियमची सगळी रचनाच या जाणिवेवर उभी होती. मधोमध कुस्तीचं चौकोनी अंगण असायचं, पॅलेस्ट्रा. भोवती खांबांच्या ओसऱ्या. आपल्याकडच्या तालमीतल्या हौद्यासारखी जमीन उकरून मऊ केलेली. कपडे काढायची खोली, तेल लावायची खोली, अंगाला माती लावायची जागा, धुण्याच्या टाक्या. बाहेर धावपट्ट्या आणि झाडांची रांग. विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने पॅलेस्ट्राचा आराखडा सांगताना ओसऱ्यांमध्ये तत्त्वज्ञ आणि वक्ते यांना बसून चर्चा करता येईल अशा बैठकांच्या खोल्याही धरल्या आहेत. सराव नागव्याने चाले. उघड्या अंगणात, उघड्या अंगाने, वडीलधाऱ्यांच्या आणि बरोबरीच्यांच्या देखत. सराव संपल्यावर तेल, घाम आणि माती यांचा थर वाकड्या पात्याच्या खरवडणीने अंगावरून काढून टाकायचा.

अथेन्सची तीन जुनी जिम्नॅशियम शहराच्या तटाबाहेर होती: अकादेमी, लायसियम आणि किनोसार्गेस. अकादेमीची रखरखीत जागा अथेन्सचा सेनानी किमोन याने पाणी आणून झाडीची केली, असं प्लुटार्क सांगतो. तिथेच इ.स.पूर्व 387 च्या सुमारास प्लेटोने आपलं विद्यापीठ वसवलं. इ.स.पूर्व 335 मध्ये ॲरिस्टॉटल लायसियममध्ये शिकवू लागला. तत्त्वज्ञान या बागांत का शिरलं, याचं उत्तर सोपं आहे. शहरातले मोकळा वेळ असलेले तरुण तिथे रोज सापडत. आणि शहराला या बागा का हव्या होत्या, याचंही उत्तर तितकंच सोपं आहे. नागरिक म्हणजेच सैनिक होता. इ.स.पूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्सने अठरा वर्षांच्या मुलांसाठी दोन वर्षांचं शिक्षण बांधून दिलं. ढाल-भाल्याने लढणं, धनुष्य, फेकीचा भाला आणि दगड-बाण फेकणारी यंत्रं हे सगळं शिकवायला शहर स्वतः शिक्षक नेमत असे.

अलेक्झांडरनंतर ग्रीक माणूस जिथे गेला तिथे त्याने जिम्नॅशियम नेलं. अफगाणिस्तानात, ऑक्सस नदीच्या काठी ऐ-खानुम इथे भलंमोठं जिम्नॅशियम खणून निघालं आहे. तिथे स्ट्रॅटोनच्या दोन मुलांनी हर्मीस आणि हेराक्लीस यांच्या नावे केलेलं अर्पण दगडावर आहे. जेरुसलेममध्ये इ.स.पूर्व 175 च्या सुमारास जेसन या मुख्य पुरोहिताने जिम्नॅशियम उभारलं. थाळीफेकीची हाक आली की पुजारी वेदीची कामं टाकून तिकडे धावतात, हे मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात संतापाने नोंदवलं आहे. तो संताप समजण्यासारखा आहे. जिम्नॅशियममध्ये जाणं म्हणजे एका जगण्याच्या रीतीत सामील होणं, हे त्या लेखकाने अचूक ओळखलं होतं.

बेरोइयाची शिळा या रीतीच्या अगदी आतून बोलते. प्रमुखाचं वय तीसपेक्षा कमी नसावं आणि साठपेक्षा जास्त नसावं, हे आधी ठरवून घेतलं आहे. मग येते त्याची शपथ. झ्यूस, पृथ्वी, सूर्य, अपोलो, हेराक्लीस आणि हर्मीस यांना साक्षी ठेवून त्याने सांगायचं, की मी कायद्याप्रमाणे काम करीन. कायद्यात जे लिहिलेलं नाही तिथे माझ्या बुद्धीला पटेल तितकं धर्माने आणि न्यायाने वागीन. न्याय सोडून मित्रावर मेहेरबानी करणार नाही आणि शत्रूला इजा करणार नाही. तरुणांच्या पैशाची चोरी करणार नाही आणि दुसऱ्याला जाणूनबुजून करू देणार नाही.

कायद्यात सगळं मावणार नाही, हे कायदाच कबूल करतो आणि उरलेली जागा माणसाच्या विवेकावर सोडतो. पण मोकळी सोडत नाही, देवांना साक्षी ठेवून सोडतो. मित्र आणि शत्रू यांचं वेगळं कलम किती जाणतेपणी घातलं आहे तेही पाहा. मित्राचं भलं करावं आणि शत्रूचं वाईट करावं, ही जुन्या ग्रीक जगातली प्रतिष्ठित नीती होती. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये पॉलेमार्कस न्यायाची व्याख्या म्हणून तीच पुढे करतो आणि सॉक्रेटिस ती मोडून काढतो. बेरोइयातल्या तिघा प्रस्तावकांनी ‘रिपब्लिक’ वाचलं असेल असं मला म्हणायचं नाही. पण तत्त्वज्ञाला पानंच्या पानं लागली तिथे व्यवहारातल्या माणसांना एका ओळीची शपथ पुरली, आणि ती ओळ रोजच्या जागेत, रोजच्या कामासाठी होती.

शपथेनंतर तरुणांवर देखरेख ठेवण्यासाठी प्रमुखाबरोबर तीन माणसं निवडायची आहेत. शिळेच्या दुसऱ्या बाजूला दिवस सुरू होतो. खूण उतरलेली असताना तिशीच्या आतल्या कोणी प्रमुखाच्या परवानगीवाचून कपडे उतरवू नयेत. खूण वर गेली की सराव सुरू. त्याच गावातल्या दुसऱ्या पॅलेस्ट्रात जाऊन तेल लावायला बंदी. मुलांचं तेल लावून झालं की अठराच्या पुढचे तरुण आणि बाविशीच्या आतले रोज भालाफेक आणि तिरंदाजी करतील. वस्तादांनी दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी हजर व्हायचं. आजारपण किंवा तशीच अडचण असेल तर कळवायचं. कामचुकारपणा केला तर दिवसाला पाच द्राख्मा दंड. वर्षातून तीनदा वस्तादांनी मुलांना परीक्षकांपुढे उभं करून त्यांचं कसब दाखवायचं, आणि जिंकणाऱ्याला ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट घालायचा. या कलमांत काव्य शोधण्यात अर्थ नाही. पण शिक्षण चालवणं म्हणजे वेळ, हजेरी आणि परीक्षा यांची मोट बांधणं, हे दोन हजार वर्षांपूर्वीही कोणाला तरी नेमकं ठाऊक होतं, याचा आनंद होतो.

मग येतं एक कडक वाक्य. तरुणांनी मुलांमध्ये शिरू नये आणि मुलांशी बोलू नये. कोणी तसं केलं तर प्रमुखाने त्याला रोखावं आणि दंड करावा.

या एका वाक्यामागे ग्रीक समाजाची मोठी अस्वस्थता आहे. मोठ्या पुरुषांनी कोवळ्या मुलांच्या मागे लागण्याची तिथली रीत आणि तिच्याबद्दलचा संकोच, दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते. इ.स.पूर्व 345 मध्ये अथेन्समधला वक्ता एस्किनीस न्यायालयात जुन्या कायद्यांची आठवण करून देतो: शाळा आणि पॅलेस्ट्रा सूर्योदयाआधी उघडू नयेत, सूर्यास्ताच्या आत बंद व्हाव्यात, मुलांजवळ कोणी यावं यावर बंधन असावं. शहर आपल्या मुलांना उघड्या अंगणात वाढवत होतं आणि त्याच वेळी त्यांच्यावर पहाराही ठेवत होतं. बेरोइयाच्या कायद्याने तो पहारा दगडात आणला. मुलांचं संरक्षण हा या शिळेतला सर्वात मोलाचा भाग आहे असं मला वाटतं.

या कलमाची दुसरी बाजू पाहायची असेल तर प्लेटोचा ‘लायसिस’ हा छोटा संवाद उघडावा. दोन्ही मजकूर एकमेकांच्या उजेडात वाचण्यासारखे आहेत. सॉक्रेटिस अकादेमीतून निघून तटाच्या कडेकडेने सरळ लायसियमकडे चालला आहे, म्हणजे एका जिम्नॅशियममधून दुसऱ्यात. वाटेत, पानोप्सच्या झऱ्याजवळच्या छोट्या दरवाजापाशी त्याला हिप्पोथालीस आणि क्तेसिप्पोस हे तरुण भेटतात आणि नव्यानेच बांधलेल्या एका पॅलेस्ट्रात बोलावतात. तिथे मिक्कोस नावाचा सॉक्रेटिसचा चाहता शिकवतो. दिवस हर्मीसच्या सणाचा आहे. या दिवशी मुलं आणि तरुण एकत्र मिसळलेले असतात, असं संवादात मुद्दाम सांगितलं आहे. म्हणजे बेरोइयाचा कायदा ज्या सीमेवर उभा आहे, ती सीमा सैल झालेला दिवस प्लेटोने निवडला आहे.

प्लेटो घाई करत नाही. यज्ञ संपत आला आहे. मुलं सणाचे कपडे घालून हाडांच्या फाशांनी खेळत आहेत. बरीचशी अंगणात, काही कपडे काढायच्या खोलीच्या कोपऱ्यात, टोपल्यांमधून फासे काढून एकी-बेकी खेळणारी. त्यांच्याभोवती बघणाऱ्यांचं कडं. त्या कड्यात लायसिस उभा आहे, डोक्यावर फुलांचा मुकुट. सॉक्रेटिस समोरच्या शांत बाजूला जाऊन बसतो. लायसिसला यायचं आहे, तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघतो, पण एकट्याने यायला लाजतो. त्याचा मित्र मेनेक्सेनोस खेळातून उठून सॉक्रेटिसजवळ येऊन बसतो, तेव्हा त्याच्या पाठोपाठ लायसिस येतो. लायसिसवर भाळलेला हिप्पोथालीस मात्र गर्दीच्या आडोशाला उभा राहतो, त्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून. कोण कोणाकडे बघतं, कोण कोणाच्या नजरेपासून लपतं आणि कोण कोणाच्या आधाराने पुढे येतं, एवढ्याच रेषांनी प्लेटोने ती जागा रेखाटली आहे. जागेचं वर्णन म्हणून इतकं अचूक लेखन मी क्वचित वाचलं आहे.

मैत्री म्हणजे काय, हा प्रश्न अजून कोणी विचारलेलाही नाही. पण एक लाजरा मुलगा मित्र बसला म्हणून येऊन बसला, आणि उत्तर आपल्या डोळ्यांसमोर घडून गेलं. पुढची सगळी चर्चा त्याला शब्दांत पकडायला जाते आणि हरते.

मेनेक्सेनोसला मधेच कोणीतरी वस्तादांनी बोलावलं म्हणून घेऊन जातं, आणि सॉक्रेटिस लायसिसला एकट्याला विचारतो. आईवडिलांचं तुझ्यावर प्रेम आहे ना? मग ते तुला हवं ते करू देतात का? वडिलांच्या रथाचे लगाम हातात घेऊ देतात? नाही, त्यासाठी पगारी सारथी आहे. खेचरांच्या गाडीचा चाबूक? तो दासाच्या हाती. आणि तुझ्यावर देखरेख कोणाची? त्याचीही जबाबदारी एका दासाकडेच. आईच्या मागाला हात लावलास तर? मुलगा हसतो, हात लावला तर मार बसेल. पण वाचायला सांगतात, लिहायला सांगतात, लायरच्या तारा लावू देतात. का? कारण ते तुला येतं. सॉक्रेटिस या साध्या उत्तरावर मोठी इमारत चढवतो. ज्याला जे कळतं ते त्याच्या हाती सोपवतात. पर्शियाचा महाराजाही डोळ्यांच्या उपचारासाठी स्वतःच्या मुलावर विश्वास टाकणार नाही, जाणकारावर टाकेल.

हे सगळं कुठे चाललं आहे? जिथे कुळ, रूप आणि अंगकाठी यांची रोज पारख होते, त्याच खोलीत. त्या मुलाच्या घराण्याचे घोडे पायथियन, इस्थमियन आणि नेमियन खेळांत जिंकलेले आहेत आणि हिप्पोथालीस त्याचीच गाणी रचत बसतो. त्याच मुलाला सॉक्रेटिस सांगतो की तुझ्यावर विश्वास ठेवला जाईल तो तुझ्या जाणतेपणामुळे. जिम्नॅशियमची पारखणारी नजर तो काढून टाकत नाही, ती शरीरावरून बुद्धीवर वळवतो. हा लायसिस कल्पनेतला नाही. डेमोक्रातीसचा मुलगा, ऐक्सोनीचा लायसिस याच्या कबरीवरच्या संगमरवरी कलशावरचा लेख 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुलगा मोठा झाला, त्याला मुलं झाली, आणि ती लाजरी दुपार प्लेटोच्या पानावर राहिली.

संवादाचा शेवट विलक्षण आहे. मुलांना घरी न्यायला त्यांचे देखरेखीचे दास येतात. सणाची थोडी चढलेली आहे, ग्रीक बोलताना परकी ढब येते आहे, आणि ते ओरडून मुलांना बोलावतात. सॉक्रेटिस आणि बाकीचे त्यांना हाकलायला बघतात, पण ते ऐकत नाहीत. तत्त्वचर्चा मोडते ती दासांच्या हाकेने. आता बेरोइयाची शिळा पाहावी. तिथे लिहिलं आहे की बेशिस्त मुलांना आणि दास असलेल्या देखरेखवाल्यांना प्रमुखाने फटके मारावेत. देखरेखवाला स्वतंत्र असेल तर त्याला दंड करावा. स्वतंत्र नागरिकाच्या मुलाला रोज हाताला धरून शाळेत नेणारा, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा माणूस स्वतः दास असू शकतो आणि त्याच्या पाठीवर छडी बसू शकते. हे त्या समाजाला खटकलं नाही, मला वाचताना दर वेळी खटकतं.

या शिळेवरची सर्वात बोलकी यादी बंदीची आहे. जिम्नॅशियममध्ये कपडे उतरवायला ज्यांना मनाई आहे, त्यांत दास, मुक्त झालेला दास, या दोघांचे मुलगे, देहविक्रय केलेला, बाजारात धंदा करणारा, दारुडा आणि वेडा असे लोक येतात. जाणूनबुजून यांपैकी कोणाला आत घेतलं तर प्रमुखाला दंड 1000 द्राख्मा. वस्तादाने एक दिवस काम चुकवलं तर पाच द्राख्मा, आणि चुकीच्या माणसाला दार उघडलं तर 1000. या शिळेला सर्वात जास्त भीती कशाची वाटते हे या दोन आकड्यांतून कळतं. मुक्त झालेल्या दासाच्या मुलाला, जो कदाचित कधीच दास नव्हता, त्यालाही आत जागा नाही. बाजारात धंदा करणारा नागरिक असला तरी बाहेर. ज्या नजरेखाली माणूस घडतो ती नजर कोणाच्या वाट्याला यावी, हे जन्म आणि पोटापाण्याचा व्यवसाय ठरवतात. स्त्रियांना तर या यादीत मनाईसुद्धा केलेली नाही; त्या येतील अशी कल्पनाच नाही. त्याच सुमारास आयोनियातल्या तेओस शहरात पोलिथ्रूस नावाच्या श्रीमंताने 34,000 द्राख्मा देऊन मुलामुलींना अक्षर शिकवण्याची सोय केली होती. वेगळा विचार करणारा माणूस त्या काळातही होता, एवढं सांगण्यापुरता तो दाखला पुरे.

आणि याच शिळेत खरवडणीने काढलेल्या मळाचं कलम आहे. तेल, घाम आणि माती यांचा तो चिकट थर फेकून देत नसत. औषध म्हणून त्याला गिऱ्हाईक होतं. रोमन लेखक प्लिनीने त्याच्या विक्रीबद्दल लिहिलं आहे. बेरोइयाच्या प्रमुखाने या मळाच्या उत्पन्नाचा ठेका द्यायचा, आणि जो ठेका घेईल त्याने पॅलेस्ट्राला एक राखणदार पुरवायचा. राखणदाराने काम चुकवलं तर त्याला फटके. ज्याला तिथे अंगाला तेलाचा थेंब लावायची परवानगी नाही, तोच ते अंगण राखतो. शिळेवर हे सगळं एकाच थंड आवाजात येतं, आणि त्या थंडपणामुळेच ते अंगावर येतं.

मग हर्मीसचा सण. इथे शिळेचा सूर बदलतो. शब्द तेच कोरडे, पण आशय उजळतो. प्रमुखाने हर्मीसला यज्ञ करायचा आणि तिशीपर्यंतच्या तरुणांसाठी बक्षिसं ठेवायची. धावण्याची शर्यत आहे, मशालींची दौड आहे. पण त्यांच्याबरोबर तीन बक्षिसं अशी आहेत ज्यांना धावपट्टी नाही आणि अंतिम रेषाही नाही: सुदृढ देहासाठी, चांगल्या शिस्तीसाठी आणि मेहनतीच्या आवडीसाठी.

देहाच्या स्पर्धेसाठी प्रमुखाने सात माणसं निवडायची, त्यांतून चिठ्ठ्या टाकून तीन काढायची, आणि त्या तिघांनी हर्मीसची शपथ घेऊन ज्याचा देह सर्वोत्तम वाटेल त्याला निवडायचं. शिस्त आणि मेहनत यांचा निवाडा मात्र प्रमुख स्वतः करतो, तोही शपथेवर. मेहनतीच्या बक्षिसात एक बारकावा आहे. चालू वर्षात ज्याने सर्वात निष्ठेने सराव केला असं वाटतं, त्याला ते द्यायचं. म्हणजे ते सणाच्या दिवशी जिंकता येत नाही. वर्षभर, कोणी टाळी वाजवत नसताना, रोज खूण वर गेल्यावर जो आला आणि रोज नीट केलं, त्याचं ते बक्षीस आहे.

मला ही तीन बक्षिसं ऑलिंपियाच्या मुकुटाहून थोर वाटतात. ऑलिंपियात एकच पहिला येतो आणि तो कोण हे सगळ्यांना दिसतं. इथे जिंकणारा दिसण्यासाठी कोणीतरी वर्षभर नीट बघितलेलं असावं लागतं. शिस्तीचं बक्षीस द्यायचं तर प्रमुखाला सगळ्यांना ओळखावं लागेल, त्यांच्या सवयी ठाऊक असाव्या लागतील. मोजता न येणाऱ्या गुणाला बक्षीस देताना पक्षपात होणार, हेही कायद्याने ओळखलं आहे. म्हणून देहाच्या परीक्षकांसाठी चिठ्ठ्या आहेत आणि सगळ्यांसाठी शपथ. आधी वाचलेली ती मित्र-शत्रूची शपथ इथे कामाला येते. प्रस्तावनेत म्हटलेली तरुणांची लाज इथे फळते, कारण बघितलं जाण्याची भीती आता बघितलं जाण्याच्या आशेत बदललेली आहे. शिळेची वीण किती घट्ट आहे ते या ठिकाणी कळतं. एक धागा ओढला तर सगळा मजकूर हलतो.

बाकीची कलमं मी भराभर वाचतो. मशालदौडीसाठी नेमलेल्या श्रीमंतांनी प्रत्येकी दहा दिवस तेल पुरवायचं. तेल महाग होतं आणि जिम्नॅशियम तेलावर चालायचं. सणाच्या जेवणासाठी प्रत्येकाकडून दोन द्राख्मांहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि पिण्याच्या बैठकीत करमणुकीचे कार्यक्रम आणायचे नाहीत. प्रमुखाने दर चार महिन्यांनी हिशेब द्यायचा, आणि ज्याला इच्छा असेल त्याने तपासणीला बसायचं. जिम्नॅशियममधली चोरी ही देवळातली चोरी मानायची.

यांच्यात एक कलम असं आहे की त्याच्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. जिम्नॅशियममध्ये प्रमुखाला शिवीगाळ केली तर 50 द्राख्मा दंड. हात उगारला तर 100, शिवाय सामान्य कायद्याप्रमाणे खटला वेगळा. इथवर हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या संरक्षणासारखं आहे. पण पुढे लिहिलं आहे की तिथे हजर असलेल्यांनी हे होऊ देऊ नये, आणि ज्याला मदत करणं शक्य होतं पण ज्याने केली नाही, त्यालाही 50 द्राख्मा दंड.

म्हणजे नुसतं बघत उभं राहणाऱ्याला दंड. प्रमुखाला शिवी देणाऱ्याला जेवढा, तेवढाच. ज्या जागेत सगळं शिक्षण नजरेवर चालतं, तिथे या कलमाने बघणाऱ्याला जबाबदार धरलं आहे. ओसरीत बसलेला म्हातारा, तेल लावत असलेला तरुण, भाला हातात घेऊन थांबलेला बाविशीच्या आतला मुलगा, अंगणात जो कोणी असेल तो या कलमाच्या कक्षेत येतो. प्रस्ताव मांडणारा झोपिरोस स्वतः प्रमुख होता, तेव्हा या कलमात त्याचा स्वार्थ होता असं कोणी म्हणेल. असेलही. पण त्याने संरक्षण मागितलं ते पहारेकऱ्यांकडे नाही, सैनिकांकडे नाही. ते मागितलं अंगणातल्या नागरिकांकडे, आणि ते देणं त्यांच्यावर बंधनकारक केलं. बेरोइयाच्या सभेने त्याला मान्यता दिली आणि ती ओळ संगमरवरात गेली, तरुण जिथे रोज कपडे उतरवत त्या जागी.